जोडप्यांचं समुपदेशन: तुमच्या नात्याच्या टप्प्याला कोणतं लागू पडेल?

समुपदेशकाकडे जावं की नाही, यावर जोडपी महिनोन्महिने घोळ घालत बसतात आणि जायचं एकदा ठरलं की जो पहिला सापडेल त्याच्याकडे जातात. खरं तर जास्त विचार या दुसऱ्या गोष्टीचा व्हायला हवा. 'जोडप्यांचं समुपदेशन' या एकाच पाटीखाली अगदी निरनिराळी कामं चालतात. लग्नाआधी प्रश्नावली भरून घेऊन होणारी चर्चा वेगळी, बाळाच्या जन्माच्या सुमाराला भरणारे आईबाबांचे गट वेगळे. वर्षानुवर्षांच्या भांडणावरची थेरपी, विश्वासघातानंतरचं लांबलचक काम आणि 'राहू की निघू' या पेचातल्यांसाठीच्या मोजक्या बैठका, यांतलं एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. चुकीच्या टप्प्यावर चुकीचा प्रकार निवडला तर वेळ आणि पैसा जातोच, शिवाय 'आम्ही तेही करून पाहिलं, काही उपयोग झाला नाही' असा शिक्का नात्यावर बसतो. पुन्हा मदत मागायला जाण्याची उमेद त्यानंतर फार थोड्यांत उरते. म्हणून हे पर्याय टप्प्याटप्प्याने शेजारी ठेवून पाहू.

एक अपवाद मात्र आधीच सांगायला हवा. घरात एका माणसाचा धाक असेल, पैशांवर, फोनवर, बाहेर जाण्यायेण्यावर पहारा असेल, मारहाण किंवा तिची भीती असेल, तर दोघांनी एकत्र बसून करायचं समुपदेशन नको. हिंसेचे अभ्यासक मायकेल जॉन्सन यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या: भांडण हाताबाहेर जाऊन कधीतरी दोन्ही बाजूंनी होणारी हाणामारी आणि एकाने दुसऱ्यावर ताबा ठेवण्यासाठी सतत वापरलेला धाक. पहिल्या प्रकारात, नीट चाचपणी केल्यानंतर, खास प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक काही जोडप्यांसोबत काम करतात. दुसऱ्या प्रकारात एकत्र बैठक धोक्याची ठरते. समुपदेशकासमोर खरं बोललं की त्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. अशा वेळी आधी स्वतःपुरती, गुप्त राहील अशी मदत घ्यावी आणि सुरक्षिततेचा विचार करावा. नात्याचा विचार नंतर.

लवकर की उशिरा?

त्रास सुरू झाल्यापासून मदत मागेपर्यंत जोडपी सरासरी सहा वर्षं थांबतात, असं गेली कित्येक वर्षं सांगितलं जातं. विल्यम डोहर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा काळ सरासरी तीन वर्षांहून कमी निघाला. म्हणजे लोक वाटतं तितके गाफील नसतात. पण तीन वर्षंही थोडी नाहीत. एवढ्या काळात भांडणाचा विषय मागे पडतो आणि भांडायची पद्धत पक्की होऊन बसते.

या पद्धतीचं महत्त्व जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांच्या कामामुळे नीट कळलं. त्यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, त्यांच्यातल्या वादाच्या विषयावर बोलायला लावून, चेहरे आणि हृदयाचे ठोके यांची नोंद घेतली आणि पुढे वर्षानुवर्षं त्या जोडप्यांचा माग ठेवला. चार सवयी नात्याला सर्वांत घातक दिसल्या: कृतीऐवजी माणसावरच टीका, तुच्छता, प्रत्येक वेळी स्वतःचा बचाव आणि संवादातून अंग काढून भिंतीसारखं गप्प होणं. त्यातही तुच्छता सर्वांत वाईट. गॉटमन यांचं आणखी एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं: जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद कधीच कायमचे सुटत नाहीत, कारण ते स्वभावातल्या आणि गरजांमधल्या फरकातून येतात. एकाला शिस्त हवी, दुसऱ्याला मोकळीक. एकाला माणसं हवीत, दुसऱ्याला शांतता. सुखी जोडप्यांमध्येही हे वाद असतातच. फरक एवढाच, की ती त्यांवर बोलताना एकमेकांचा मान राखतात, मधूनच हसू शकतात.

समुपदेशनाकडून काय अपेक्षा ठेवायची, ते इथे ठरतं. 'आमचा वाद मिटवून द्या' म्हणून गेलात, तर बहुधा निराश व्हाल. 'हा वाद आमच्यासोबत राहणारच असेल, तर तो एकमेकांना न ओरबाडता कसा करायचा ते शिकवा' म्हणून गेलात, तर हाती काहीतरी लागेल. तुच्छता मुरण्याआधी हे शिकणं सोपं जातं, मुरल्यावर बरंच अवघड.

लग्नाआधी आणि पहिली वर्षं

लग्नाआधीच्या मदतीत दोन प्रकार ठळक आहेत. एकात दोघं वेगवेगळं बसून लांब प्रश्नावली भरतात, मग समुपदेशक उत्तरं शेजारी ठेवून चर्चा घडवतो. डेव्हिड ऑल्सन आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली 'प्रिपेअर-एनरिच' ही त्यातली खूप वापरली जाणारी प्रश्नावली. दुसरा प्रकार शिकवणीचा. डेन्व्हर विद्यापीठातल्या हॉवर्ड मार्कमन आणि स्कॉट स्टॅनली यांच्या 'प्रेप' कार्यक्रमात जोडप्यांना वाद घालण्याची तंत्रं शिकवतात. एकजण बोलतो, दुसरा ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगतो, आणि मगच पाळी बदलते. ऐकायला बाळबोध वाटतं. तापलेल्या डोक्याने करून पाहिल्यावर समजतं, की आपण समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच आपलं उत्तर जुळवत असतो.

दोन्हींमध्ये निवड कशी करायची? एकमेकांना फार काळ ओळखत नसाल, पैसा, मुलं, नोकरीसाठी गाव बदलणं, आईवडिलांची जबाबदारी, शरीरसंबंध हे विषय कधी नीट बोललाच नसाल, तर प्रश्नावली. विषय सगळे माहीत आहेत, पण बोलायला घेतलं की दहा मिनिटांत कोणीतरी उठून जातं, असं असेल तर शिकवणी. एक गोष्ट स्पष्ट असावी: शिकलेल्या कौशल्यांचा फायदा पुढच्या काही महिन्यांत दिसतो, पण फार दूरच्या वर्षांत तो किती टिकतो, याबद्दलचा पुरावा तेवढा भक्कम नाही. तरीही मी या बैठका जरूर घ्याव्यात असंच म्हणेन, आणि त्याचं मुख्य कारण वेगळं आहे. काही जोडपी या चर्चेनंतर लग्न पुढे ढकलतात किंवा थांबवतात. तो समुपदेशनाचा पराभव मानू नका. त्या दोघांचं पुढचं कितीतरी दुःख तिथेच टळलेलं असतं.

लग्न न करता एकत्र राहायला लागलेल्यांनाही हे तितकंच लागू आहे. स्टॅनली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की बरीच जोडपी एकत्र राहण्याचा निर्णय घेत नाहीत, त्यात घसरत जातात. आधी दोन दिवस मुक्काम, मग कपडे, मग एकच भाडं. मागे फिरणं महाग होतं आणि 'आपल्याला हे हवं आहे का' हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. तो विचारून घेण्यासाठी दोन-तीन बैठका पुरतात.

पहिल्या काही वर्षांत मोठी तक्रार नसेल, तर थेरपीची गरज नाही. जेम्स कॉर्डोव्हा यांनी यासाठी दातांच्या वार्षिक तपासणीसारखा एक छोटा प्रकार बसवला: दोन बैठका, पहिलीत चाचपणी, दुसरीत बलस्थानं आणि काळजीच्या जागा यांवर मोकळं बोलणं. दुखायला लागण्याआधी कोणीतरी बघून घेतं, एवढंच. थेरपी म्हटलं की ज्यांच्या अंगावर काटा येतो, त्यांना हा दरवाजा सोपा वाटतो.

बाळ झाल्यावर

या टप्प्यावर जोडपी सर्वांत कमी मदत मागतात, आणि मला याचं सर्वांत जास्त वाईट वाटतं. गॉटमन यांच्या अभ्यासांत पहिल्या मुलानंतरच्या तीन वर्षांत सुमारे दोन तृतीयांश जोडप्यांचं नात्यातलं समाधान घसरलं. आनंदाची घटना असल्याने कोणी त्याबद्दल बोलत नाही. 'बाळ किती गोड आहे' म्हणणाऱ्या पाहुण्यांसमोर 'आमचं दोघांचं बिनसलंय' कोण सांगणार?

या टप्प्यावर उपयोगी पडणारं समुपदेशन आणि लग्नाआधीचं समुपदेशन यांत मोठा फरक आहे. तीन रात्री नीट झोप नसलेल्या माणसाला 'मला असं वाटतं' या सुरुवातीचं वाक्य बनवायला शिकवून फार काही होत नाही. तिथे रोखठोक काम लागतं: रात्री दोनला कोण उठणार, डॉक्टरांच्या तारखा कोणाच्या लक्षात राहणार, दूध संपत आलंय हे कोणाच्या डोक्यात असणार, कोणाला आठवड्यातून दोन तास एकट्याने बाहेर पडता येणार. कामं वाटली जातात, पण ती लक्षात ठेवण्याचं ओझं बहुतेक वेळा एकाच्याच डोक्यावर राहतं, आणि धुसफूस नेमकी तिथून सुरू होते. समुपदेशक या तपशिलात उतरत नसेल, तर तो या टप्प्याचा नाही, असं खुशाल समजा.

फिलिप आणि कॅरोलिन काउअन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांपासून बाळाच्या पहिल्या काही महिन्यांपर्यंत जोडप्यांचे छोटे गट चालवले. गटातल्या जोडप्यांच्या समाधानाची घसरण बाकीच्यांच्या मानाने थोपली. गटाचा मोठा गुण हा, की 'हे फक्त आमच्याकडेच चाललंय' हा समज पहिल्याच बैठकीत गळून पडतो. स्वतंत्र बैठकीत ते होत नाही. याउलट शरीरसंबंध किंवा जुनी दुखणी यांवर गटात बोलणं अवघड, त्यासाठी दोघांपुरती बैठकच बरी. आणि घराबाहेर पडायलाच जमत नसेल, तर ब्रायन डॉस यांनी तयार केलेल्या 'अवर रिलेशनशिप' सारखे ऑनलाइन कार्यक्रम आहेत. सुमारे आठ तासांचं काम, सोबत प्रशिक्षकाशी मोजके फोन. ३०० जोडप्यांच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला. पण भांडण टोकाला गेलेलं असेल, तर केवळ स्क्रीनवर भागवू नका.

एक इशारा. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे आणि तो वडिलांनाही होऊ शकतो. सतत रडू येणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं, जगणं नकोसं वाटणं अशी लक्षणं असतील, तर आधी डॉक्टर, मग जोडप्याची बैठक.

मधली वर्षं: कडाक्याची भांडणं की घरातला अबोला

मुलं, नोकऱ्या, आजारपणं यांत दहा-पंधरा वर्षं निघून जातात. मग समुपदेशकाकडे येणारी जोडपी साधारण दोन प्रकारची असतात. एकीकडे रोजची भांडणं. दुसरीकडे भांडणही उरलेलं नाही, दोघं एका घरातले भाडेकरू झालेत. लोकांना पहिलं गंभीर वाटतं. माझं मत उलट आहे. भांडणाऱ्याला अजून काहीतरी हवं असतं. ज्याने मागायचंच सोडलंय, त्याला परत मागायला लावणं जास्त वेळ घेतं.

दोन्हींच्या मुळाशी बहुधा एकच चक्र असतं: एकजण मागे लागतो, दुसरा मागे सरतो. जितकं एक खोदून विचारतं, तितकं दुसरं मिटून घेतं, आणि जितकं ते मिटून घेतं, तितकं खोदणं वाढतं. दोघांनाही सुरुवात समोरच्याने केली असंच वाटतं. या चक्रावर काम करणाऱ्या दोन पद्धती आज सर्वांत चांगल्या अभ्यासलेल्या आहेत.

पहिली भावनाकेंद्री थेरपी. सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी ती १९८० च्या दशकात कॅनडात उभी केली. जॉन बोल्बी यांच्या आसक्ती-सिद्धांतावर ती उभी आहे: लहान मुलाला जसा आधाराचा माणूस लागतो, तसा मोठ्यांनाही लागतो, आणि तो दुरावतोय असं वाटलं की माणूस एकतर आकांत करतो नाहीतर गोठतो. समुपदेशक भांडणाच्या विषयाखाली दडलेल्या भीतीपर्यंत दोघांना नेतो. 'तू कधीच वेळेवर येत नाहीस' याच्या तळाशी 'मी तुला महत्त्वाची आहे का?' असतं. 'तुझी कटकट थांबव' याच्या तळाशी 'मी कितीही केलं तरी तुझ्या लेखी नापासच' असतं. हे दोन्ही मोठ्याने उच्चारले गेले, की खोलीतली हवा बदलते. साधारण आठ ते वीस बैठका लागतात.

दुसरी एकात्मिक वर्तन थेरपी, अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांची. तिचा भर स्वीकारावर आहे. समोरच्याला बदलण्याची झटापट थांबवून, दोघांमधला फरक ही दोघांची मिळून एक अडचण आहे असं तिच्याकडे बाजूला उभं राहून पाहायला शिकवतात. लॉस एंजेलिस आणि सिएटल इथे १३४ जोडप्यांवर तिची मोठी चाचणी झाली. दीर्घकाळ आणि गंभीर त्रासात असलेलीच जोडपी मुद्दाम निवडली होती आणि जास्तीत जास्त २६ बैठका होत्या. दोन वर्षांनी या पद्धतीच्या ६९ टक्के जोडप्यांत ठळक सुधारणा होती, तर जुन्या पारंपरिक वर्तन थेरपीत ६० टक्के जोडप्यांत. पाच वर्षांनी हे आकडे ५० आणि ४६ वर आले होते, आणि दोन्ही मिळून चारातल्या एकाहून किंचित जास्त जोडपी विभक्त झाली होती.

हे आकडे मी मुद्दाम पूर्ण दिले, कारण 'थेरपीने नातं वाचतंच' किंवा 'थेरपी थोतांड आहे' ही दोन्ही टोकं त्यात कोसळतात. इतक्या बिकट अवस्थेतून आलेल्यांपैकी निम्मी जोडपी पाच वर्षांनीही बऱ्या स्थितीत असणं ही छोटी गोष्ट नाही. आणि पद्धतींमधला फरक काळाबरोबर कमी झाला, याचा अर्थ पद्धतीच्या नावावर फार अडून बसू नये. मन मोकळं करणं एकाला पूर्ण परकं वाटत असेल, तर दुसऱ्या पद्धतीचा समुपदेशक सोयीचा पडेल. घर गोठल्यासारखं झालं असेल, तर पहिल्याचा. दोन्ही जवळ नसतील, तर जोडप्यांसोबत काम करण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला कोणीही चालेल.

शरीरसंबंधांतली अडचण हाच मुख्य प्रश्न असेल, तर आधी वैद्यकीय तपासणी आणि मग लैंगिक समस्यांवर काम करणारा तज्ज्ञ. वर्षभर संवादावर बैठका घेऊन हा विषय एकदाही न निघालेली जोडपी असतात, कारण समुपदेशकालाच तो काढायला अवघडल्यासारखं होतं.

विश्वासघात कळल्यावर

बाहेरचं प्रकरण उघड झाल्यानंतरचे पहिले दिवस हे नातं सुधारायचे दिवस नसतात. डोनाल्ड बॉकम, डग्लस स्नायडर आणि क्रिस्टिना गॉर्डन यांनी या कामाचे तीन टप्पे आखले. आधी धक्का सावरणं, मग हे का घडलं ते समजून घेणं, आणि मग पुढे काय ते ठरवणं. मधल्या वर्षांतल्या थेरपीत दोघांना सुरुवातीपासून सारखं तोलतात. इथे तसं केलं तर अन्याय होतो. ज्याची फसवणूक झाली त्याला पहिल्याच बैठकीत 'यात तुमचा वाटा काय?' असं विचारणारा समुपदेशक असेल, तर उठून या. तो प्रश्न दुसऱ्या टप्प्यावर, हळुवारपणे, आणि 'नात्यातल्या अडचणींची जबाबदारी दोघांची, पण फसवण्याचा निर्णय एकाचा' हे स्पष्ट करूनच येऊ शकतो.

पहिल्या टप्प्यातलं काम साधं पण कसोटीचं आहे. तिसऱ्या माणसाशी संपर्क तुटला का, तो तुटल्याची खात्री कशी पटवायची, प्रश्न कधी विचारायचे आणि रात्री एक वाजता कधी थांबायचं, मुलांना काय सांगायचं, नातेवाइकांना काय सांगायचं नाही. कोणते प्रश्न विचारण्यासारखे आहेत हेही ठरवावं लागतं. 'केव्हापासून, किती काळ, अजून आहे का, आरोग्याला काही धोका आहे का' हे विचारायलाच हवेत. शरीराचे बारीक तपशील विचारून मिळणारी चित्रं मात्र डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आणि ज्याने फसवलं, त्याला तोच प्रश्न पन्नासाव्यांदा आला तरी न चिडता उत्तर द्यायला शिकावं लागतं. क्षमेची घाई बहुतेक वेळा त्यालाच असते.

क्रिस्टेन्सन यांच्या त्याच चाचणीत विश्वासघात झालेल्या थोड्या जोडप्यांचाही पाठपुरावा झाला. पाच वर्षांनी, प्रकरण थेरपीत उघड झालेल्यांपैकी ४३ टक्के विभक्त झाले होते, तर लपून राहिलेल्यांपैकी ८० टक्के. जोडप्यांची संख्या फार लहान होती, तेव्हा या टक्केवारीवर इमले बांधू नयेत. तरी जोडपी जेव्हा विचारतात, 'आत एक गोष्ट दडवून ठेवून थेरपी करता येईल का?', तेव्हा उत्तराची दिशा यात दिसते. म्हणून पहिल्याच भेटीत समुपदेशकाला विचारा: एकाने तुम्हाला एकट्याला गाठून गुपित सांगितलं, तर तुम्ही काय करता? काहीजण गुपितं ठेवत नाहीत, काही ठराविक मुदतीत ते सांगायला लावतात. उत्तर काहीही असो, ते आधी माहीत असावं.

एक पाय दाराबाहेर असेल तेव्हा

आता सर्वांत जास्त चूक होते तो टप्पा. एकाला नातं वाचवायचंय आणि दुसरा मनातून जवळजवळ निघून गेलाय, पण अजून ठाम नाही. अशी जोडी नेहमीच्या थेरपीला गेली की काय होतं? समुपदेशक संवादाचे व्यायाम सुरू करतो. वाचवू पाहणारा वहीत लिहून आणतो, निघू पाहणारा गप्प बसतो किंवा वरवर मान डोलवतो. सहा बैठकांनी तो म्हणतो, 'सगळं करून पाहिलं.' वास्तविक त्याने काहीच केलेलं नसतं, कारण करायचं की नाही हेच त्याचं ठरलेलं नव्हतं.

यासाठी डोहर्टी यांनी मिनेसोटा विद्यापीठात एक वेगळा प्रकार बसवला. मराठीत त्याला निर्णयपूर्व समुपदेशन म्हणता येईल. नेहमीच्या थेरपीशी ताडून पाहिलं तर फरक ठळक दिसतात. थेरपीचं उद्दिष्ट नातं सुधारणं, याचं उद्दिष्ट पुढे काय करायचं याबद्दल स्पष्टता. थेरपी महिनोन्महिने चालते, हे एक ते पाच बैठकांत संपतं. थेरपीत दोघं एकमेकांशी बोलतात, इथे दोघं एकाच वेळी येतात पण बहुतेक वेळ समुपदेशक एकेकाशी वेगळं बोलतो. निघू पाहणाऱ्याशी बोलताना विषय असतो: हे इथवर कसं आलं, आणि त्यात तुझी स्वतःची पावलं कोणती? वाचवू पाहणाऱ्याशी बोलताना: विनवण्या, रडणं, धमक्या थांबवून तू आज कोणता माणूस म्हणून समोर उभा राहू शकतोस? कोणालाही बदलायला सांगितलं जात नाही.

शेवटी तीन वाटांपैकी एक निवडायची असते. आहे तसंच चालू द्यायचं. वेगळं व्हायच्या दिशेने जायचं. किंवा सहा महिने घटस्फोटाचा विषय पूर्ण बाजूला ठेवून मनापासून थेरपी करायची आणि त्यानंतर पुन्हा ठरवायचं. तिसरी वाट निवडणाऱ्यांना नेहमीच्या थेरपीत जे मिळतं, ते आधी अर्ध्या मनाने गेलेल्यांना कधीच मिळत नाही. आणि दुसरी वाट निवडणारेही निदान एकमेकांना 'तू प्रयत्नच केला नाहीस' असं आयुष्यभर म्हणत बसत नाहीत. या प्रकाराचा समुपदेशक सापडला नाही, तर निदान पहिल्याच भेटीत उघडपणे सांगा: 'आमच्यापैकी एकाचं अजून ठरलेलं नाही. व्यायाम सुरू करण्याआधी त्यावर बोलायचंय.' चांगला समुपदेशक हे ऐकून थांबेल.

वेगळं व्हायचं ठरलं तर, आणि उतारवयात

मुलं असतील तर वेगळं झाल्यावरही आईबाप म्हणून नातं उरतंच. इथे थेरपीपेक्षा मध्यस्थी कामाची. रॉबर्ट एमरी यांनी ताब्याच्या वादात कोर्टाच्या वाटेवर असलेल्या पालकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागलं, काहींना मध्यस्थी आणि बाकीच्यांना नेहमीची कोर्टाची लढाई. मध्यस्थीला सरासरी पाच-सहा तास लागले. बारा वर्षांनी पाहिलं तेव्हा मध्यस्थीच्या गटात मुलांपासून वेगळं राहणारा पालक मुलांच्या आयुष्यात कितीतरी जास्त उरलेला होता. पाच-सहा तासांच्या मोबदल्यात बारा वर्षं टिकणारा फायदा देणारं दुसरं काही या सगळ्या यादीत मला दिसत नाही.

मुलं मोठी होऊन निघून गेल्यावर, निवृत्तीनंतर, दोघं पुन्हा समोरासमोर येतात. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात पन्नाशीपुढच्यांमधलं घटस्फोटाचं प्रमाण दुप्पट झालं, तेव्हा 'आता या वयात काय' हा समज धरून बसू नये. दुसरीकडे लेव्हन्सन, लॉरा कार्स्टेन्सन आणि गॉटमन यांना वयस्क जोडपी वादाच्या वेळीही मध्यमवयीनांपेक्षा जास्त मायेने बोलताना दिसली. या वयातल्या समुपदेशनात भांडणाची तंत्रं कमी आणि दिवसाची नवी घडी, आजारपणातली सेवा, राहून गेलेल्या गोष्टींचं दुःख हे जास्त असतं. बैठकाही बहुधा कमी पुरतात.

जोडीदार यायला तयार नसेल तर

एकट्याने जाण्यात गैर नाही, पण कोणाकडे जाता ते पाहा. केवळ व्यक्तींवर काम करणारा समुपदेशक तुमची एकच बाजू ऐकतो आणि नकळत तुमच्या जोडीदाराविरुद्ध तुमचा वकील होऊन बसतो. जोडप्यांसोबत काम करणारा असेल, तर तो चक्रातला तुमचा अर्धा भाग बदलायला मदत करेल, आणि चक्र एका बाजूने बदललं तरी पूर्वीसारखं फिरत नाही. जोडीदाराला 'तुझ्यात दोष आहे म्हणून चल' असं म्हणू नका. 'मला आपल्यात बरं वाटत नाहीये आणि मला माझं काय चुकतंय ते कळायला हवंय, एकदाच चल' असं म्हटल्यावर बरेचजण येतात.

समुपदेशक निवडताना फोनवर चार गोष्टी विचारा. जोडप्यांसोबत काम करण्याचं प्रशिक्षण कुठलं? कोणती पद्धत वापरता? गुपितांबद्दल तुमचा नियम काय? आणि आमच्यापैकी एकजण जायचा विचार करत असेल, तर सुरुवात कशी कराल? शेवटच्या प्रश्नाला 'लग्न टिकवणं हेच माझं काम' किंवा 'वेगळं व्हा, सुखी राहाल' यांतलं काहीही तडकाफडकी उत्तर आलं, तर दुसरीकडे चौकशी करा. तीन-चार बैठकांनंतर घरी दोघं मिळून बसा आणि एकमेकांना विचारा: समुपदेशक दोघांच्या बाजूने आहे असं दोघांनाही वाटतं का, भांडण सुरू झाल्यावर ते पूर्वीपेक्षा लवकर ओळखू येतं का, आणि बैठकीत सुरू झालेलं बोलणं घरी पुढे चालू राहतं का? तिन्हींना 'नाही' असेल, तर समुपदेशकाला तसं सरळ सांगा. तो पद्धत बदलेल किंवा दुसऱ्याचं नाव सुचवेल. दोन्ही न करता तो तुमच्यावरच ठपका ठेवू लागला, तर पुढची बैठक रद्द करून दुसरा समुपदेशक शोधा.